आरोग्य संशोधन आणि मूल्यमापनातील स्थानिक नेतृत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वेक्षणे, वैद्यकीय चाचण्या आणि आरोग्य कार्यक्रमांचे मूल्यमापन या कामांत असणाऱ्या संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक, निधी देणाऱ्यांचे प्रतिनिधी आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतांशी महाराष्ट्र आणि गोव्यातील आहेत. काही उत्तरे लांबली आहेत आणि काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत, कारण सगळ्याच प्रश्नांत सारखाच गुंता नसतो.

स्थानिक नेतृत्व म्हणजे नेमके काय? प्रकल्पात स्थानिक माणसे नेमली की ते साधत नाही का?

नाही. गावात घरोघर फिरणारे सर्वेक्षक, रक्ताचे नमुने घेणारे तंत्रज्ञ, भाषांतरकार आणि वाहनचालक हे सगळे स्थानिक असूनही संशोधनाचा एकही निर्णय स्थानिक नसणे सहज शक्य आहे, आणि पुष्कळदा तसेच घडते. नेतृत्व कोणाचे हे ओळखायला चार गोष्टी पाहाव्यात: प्रश्न कोणी ठरवला, पैसा कोणाच्या खात्यात उतरला, माहिती कोणाच्या ताब्यात आहे आणि निष्कर्ष काढून ते आधी कोणाला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे. आमच्या मते यांतली पहिली कसोटी सर्वांत कठीण आहे. ‘हा प्रश्न आमच्या भागाचा नाही, आमचा प्रश्न दुसराच आहे’ असे म्हणण्याची सोय ज्या भागीदाराला नाही, त्याला करारात कोणतेही पद दिलेले असले तरी तो कंत्राटदारच असतो.

प्रश्न स्थानिक असल्याने खरोखर काही फरक पडतो का?

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या काळी ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य म्हणजे कुटुंब नियोजन आणि बाळंतपण अशीच जगभरच्या कार्यक्रमांची समजूत होती. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक आजार असल्याचे आढळले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार या बायका एकमेकींपाशी नेहमीच करत होत्या. आरोग्याच्या कार्यक्रमांपर्यंत मात्र ती पोचली नव्हती.

पुढचा टप्पा नवजात बालकांचा. गावांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत, आजारी बाळाला दवाखान्यात नेले जात नसे आणि नेले तरी ते तिथवर वेळेत पोचेलच असे नव्हते. म्हणून दवाखानाच घरी नेता येईल का, हा प्रश्न घेतला गेला. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देऊन बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रसंगी इंजेक्शन देणे ही कामे त्यांच्याकडे सोपवली. ३९ गावांत हा उपाय आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी रचना होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सिरिंज देण्याची कल्पना दूर शहरातल्या एखाद्या समितीला सुचली असती असे वाटत नाही, आणि सुचली असती तरी ती मंजूर झाली नसती. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने नवजात बालकांसाठी आशा, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, यांच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, त्याचे मूळ या गावांत आहे.

याच संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी बनवलेले एक साधन सांगण्याजोगे आहे. बाळाचे श्वास एका मिनिटात किती झाले हे मोजता आले तर न्यूमोनियाचा अंदाज बांधता येतो. पण गावातल्या निरक्षर सुईणीला पन्नास-साठपर्यंतची मोजणी जड जाते. त्यावर उपाय म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला मणी अशी जुळणी केली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सुईणीला दहापर्यंत उत्तम मोजता येते, हे ज्याला तिच्या शेजारी बसून कळलेले असते त्यालाच असे साधन सुचते.

मग परदेशी सहकार्य नकोच, असे तुमचे म्हणणे आहे का?

मुळीच नाही. वर सांगितलेल्या कामामागचे शिक्षणच परदेशात झाले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. त्यात इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधक भागीदार होते, आणि इंग्लंडमध्ये मांडला गेलेला, गर्भावस्थेतील पोषणाचा पुढच्या आयुष्यातील आजारांशी संबंध जोडणारा सिद्धान्त हा त्याचा एक प्रारंभबिंदू होता. परंतु पुण्याच्या गटाने तो सिद्धान्त जसाच्या तसा न स्वीकारता इथल्या बाळांवर तपासला. इथली बाळे साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ ही कल्पना त्यातून पुढे आली. मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली, आणि मधुमेहाच्या उगमाचा विचार आईच्या पोटातल्या काळापर्यंत मागे गेला.

गोव्यातील ‘संगत’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचीही गोष्ट अशीच आहे. तिच्या ‘मानस’ या चाचणीला ब्रिटनमधील ‘वेलकम ट्रस्ट’चा निधी होता, पण नैराश्य आणि चिंता यांवर गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून उपचार करवता येतात का, हा प्रश्न गोव्याच्या परिस्थितीतूनच आला होता. २०१० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सरकारी केंद्रांत लाभ स्पष्ट दिसला आणि खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. ही दुसरी, गैरसोयीची बाजूही त्यांनी तितक्याच ठळकपणे मांडली. आपल्या भागात राहून, आपल्याच सहकाऱ्यांच्या कामाबद्दल असे लिहिणे सोपे नसते.

‘पॅराशूट संशोधन’ हा शब्द कशासाठी वापरतात?

बाहेरून उतरायचे, नमुने आणि माहिती गोळा करायची, परत जाऊन शोधनिबंध लिहायचा आणि त्या भागाशी पुन्हा संबंध ठेवायचा नाही, या रीतीसाठी. नेहमी दिला जाणारा दाखला काँगोचा आहे. १९७६ मध्ये यांबुकू येथे अनोळखी तापाची साथ आली असता काँगोचे डॉ. ज्याँ-जाक मुयेंबे तिथे पोचले आणि एका आजारी ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) रक्ताचा नमुना त्यांनी पुढे पाठवला. तो बेल्जियममध्ये अँटवर्पला तपासला गेला आणि इबोला विषाणूचा शोध लागला. त्या शोधाच्या कथनात मुयेंबे यांचे नाव कित्येक वर्षे जवळजवळ आलेच नाही. चार दशकांनंतर, २०१८-१९ मधील साथीत इबोलावरील औषधांची तुलना करणाऱ्या चाचणीचे नेतृत्व करणाऱ्यांत ते होते. त्यात गुणकारी ठरलेल्या दोन औषधांपैकी एक, १९९५ च्या किक्विट येथील साथीतून वाचलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडावर (अँटिबॉडीवर) आधारलेले होते.

शोधनिबंधावर पहिले किंवा शेवटचे नाव कोणाचे, याला इतके महत्त्व का?

कारण पुढचे अनुदान, बढती आणि निमंत्रणे त्यावर ठरतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखक ठरण्यासाठी कामात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि उत्तरदायित्व अशा चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. ज्यांनी दोन वर्षे गावोगाव माहिती गोळा केली त्यांना मसुदा दाखवलाच नाही, तर ते दुसऱ्या अटीवरच बाद होतात, आणि मग ‘निकषांत बसत नाहीत’ म्हणून त्यांची नावे आभाराच्या परिच्छेदात जातात. यावर उपाय साधा आहे: कोण काय लिहिणार हे माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवून लेखी ठेवावे. निबंध तयार झाल्यावर हा विषय काढला तर वादच होतात.

निधी थेट स्थानिक संस्थेला का मिळत नाही?

याची कारणे दोन्ही बाजूंना आहेत. देणाऱ्यांना हिशेबाची क्षमता, लेखापरीक्षण आणि जोखीम यांची काळजी असते, आणि एका मोठ्या विद्यापीठाला एकच धनादेश देणे दहा लहान संस्थांना दहा धनादेश देण्यापेक्षा सोयीचे पडते. त्यात अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात त्याचा, भेदभाव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी संस्थांना हा खर्च वर्षानुवर्षे ८ टक्केच दिला, तर अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांचे दर ५० टक्क्यांच्या पुढेही जातात. हिशेबनीस, वीज, इंटरनेट, नैतिकता समितीचा सचिव यांचे पगार आणि बिले त्या ८ टक्क्यांत भागवायची, आणि मग ‘तुमची संस्थात्मक क्षमता कमी पडते’ हा शेरा ऐकायचा!

आपल्याकडचा अडसर परदेशी अंशदान नियमन कायद्याचा, म्हणजे एफसीआरएचा आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात. पुण्यातील एखादी नोंदणीकृत संस्था पूर्वी परदेशी अनुदानातला काही भाग मेळघाट किंवा नंदुरबारमधील लहान भागीदाराला देऊ शकत होती; तो मार्ग आता बंद आहे. दुर्गम भागातील संस्थेने स्वतःची नोंदणी करावी, नाहीतर तिच्या माणसांना मोठ्या संस्थेने आपल्या पगारपत्रकावर घ्यावे, एवढेच पर्याय उरतात, आणि दुसऱ्या पर्यायात भागीदाराचा नोकर होतो. कायद्याच्या हेतूविषयी मतभेद असू शकतात. परिणाम मात्र स्थानिक नेतृत्वाला मारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्नावलीचे चांगले भाषांतर करून घेतले की स्थानिक संदर्भाचा प्रश्न सुटत नाही का?

भाषांतर शेवटी होते, तोवर बरेच काही ठरून गेलेले असते. आमच्या पाहण्यातील एका बहुदेशीय अभ्यासात ‘कुटुंब’ म्हणजे एका छताखाली राहणारी माणसे अशी व्याख्या होती आणि तिचे मराठी भाषांतर निर्दोष होते. पहिल्याच दिवशी सर्वेक्षक ताईंनी एका चौसोपी घराच्या ओसरीवर बसून नेहमीचा प्रश्न विचारला: ‘चुली किती?’ उत्तर आले, तीन. भाऊ वेगळे निघाले होते, धान्य वेगळे होते, किराणा वेगळा होता, फक्त भिंती सामाईक होत्या. व्याख्येप्रमाणे ते चौदा माणसांचे एक कुटुंब भरायचे होते, आणि मग ‘कुटुंबाचा महिन्याचा किराणा किती’ या प्रश्नाला काहीच अर्थ उरत नव्हता. ताईंनी त्याच संध्याकाळी पर्यवेक्षकांना फोन केला. व्याख्या बदलायला परदेशातील समन्वयकांची संमती, नैतिकता समितीपुढे दुरुस्ती आणि टॅबलेटवरील फॉर्मची नवी आवृत्ती एवढे सोपस्कार झाले, आणि तीन महिने गेले. मराठी मुलखात कुटुंब चुलीवर मोजतात ही गोष्ट आराखडा बनवणाऱ्यांच्या बैठकीत कोणीही सांगितली असती. सांगू शकणारे कोणी त्या बैठकीला नव्हते.

मानसिक आरोग्याच्या अभ्यासांत ही अडचण आणखी तीव्र होते. ‘नैराश्य’ हा शब्द छापील मराठीत चालतो, पण दवाखान्यात आलेली बाई ‘टेन्शन आहे, झोप लागत नाही, जिवाला बरं वाटत नाही’ असे म्हणते. प्रश्न तिच्या शब्दांपासून सुरू करायचा की पुस्तकातल्या शब्दापासून, हा निर्णय भाषांतरकाराने घेण्याचा नाही. तो मुख्य संशोधकाने घ्यायचा असतो.

परदेशी भागीदारासह संशोधन करताना भारतात कोणत्या परवानग्या लागतात?

संस्थेच्या नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागते. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य असावे लागतात आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. परदेशी निधी किंवा सहकार्य असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत घ्यावी लागते. वैद्यकीय चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीत आधी नोंद करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे.

परवानग्या सगळ्या असल्या तरी चुका होतात का?

होतात, आणि त्याची किंमत पुढच्या सगळ्यांना मोजावी लागते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लशीचा प्रात्यक्षिक प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सहकार्याने सुरू केला. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो एप्रिल २०१० मध्ये थांबवण्यात आला. चौकशीत ते मृत्यू लशीशी संबंधित असल्याचे दिसले नाही; परंतु अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे समोर आले, आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयुक्त होती आणि आहे. पण आदिवासी मुलींच्या आईबापांना विचारायला कोणी गेले नाही, ही गोष्ट तिला चिकटून राहिली. स्थानिक संस्था फक्त लस टोचण्यापुरती बरोबर घेतली आणि पालकांशी बोलण्याची जबाबदारी व वेळ तिला दिला नाही, की असे होते.

मूल्यमापन तरी बाहेरच्यांनीच करायला नको का? आपलेच लोक आपल्याच कामाला गुण देणार!

आक्षेप रास्त आहे. हितसंबंध गावातही असतात आणि परगावच्या सल्लागारालाही पुढचे कंत्राट हवेच असते. म्हणून तटस्थता अंतरावरून मोजण्यापेक्षा पद्धत किती उघडी आहे यावरून मोजावी, असे आम्ही सुचवतो. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे होते, आणि पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. परिचारिका गावात येते का, औषधे बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, या प्रश्नांची उत्तरे गावाने एकत्र बसून द्यायची आणि प्रत्येक सेवेला चांगली, बरी की वाईट असा शेरा द्यायचा. मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकारी समोर बसत आणि लोक माइक हातात घेऊन बोलत. अधिकाऱ्यांना ते जड जाई, हे समजण्यासारखे आहे. त्यांचीही बाजू तिथेच, त्याच लोकांसमोर मांडली जाई. मृत्युदरातला फरक या रीतीने मोजता येत नाही, त्यासाठी सांख्यिकी लागतेच. पण उपकेंद्राला कुलूप का असते, हे सांख्यिकीतल्या कोणत्याही प्रतिगमन विश्लेषणापेक्षा या रीतीने लवकर कळते.

पुण्या-मुंबईची संस्था स्थानिक मानायची का?

अँटवर्पच्या मानाने होय. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या मानाने नाही. स्थानिक नेतृत्वाच्या चर्चेत हा प्रश्न टाळला जातो, कारण तो आपल्याच दारात येतो. लंडन किंवा बॉस्टनविरुद्ध आपण जी गाऱ्हाणी मांडतो तीच गाऱ्हाणी आदिवासी भागातले कार्यकर्ते आपल्याविरुद्ध मांडतात: आराखडा शहरात ठरतो, गावात गाडी येते, फॉर्म भरले जातात, निष्कर्ष इंग्रजीत छापले जातात. आशांची तर गोष्टच वेगळी. प्रत्येक नव्या अभ्यासाला आशा हवी असते, तिची वेगळी परवानगी कोणी घेत नाही आणि मानधनाचा विषय निघाला की अंदाजपत्रक संपलेले असते.

गोळा केलेली माहिती कोणाची?

करारात लिहिले असेल त्याची. म्हणून करार वाचावा. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी या चार तत्त्वांवर, ठरलेल्या प्रक्रियेतून, संशोधकांनी आधी समाजाच्या प्रतिनिधींकडे यायचे. आपल्याकडे पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखालील, ग्रामसभांना असे काही करता येण्याजोगे आहे.

परदेशी निधी अचानक थांबला तर काय उरते?

हा प्रश्न २०२५ पासून रोज विचारला जातो. परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेचे काम १ जुलै २०२५ रोजी संपुष्टात आले, आणि त्याआधीच, त्या वर्षाच्या सुरुवातीला, अनेक देशांत तिच्या पैशावर चालणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे थांबली. ज्या देशांत प्रश्नावली, नमुना निवड आणि विश्लेषण ही कामे बाहेरच होत होती, तिथे संगणकापर्यंत सारेच अडले. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीलाही यूएसएडचा पैसा होता, परंतु समन्वयाची जबाबदारी तेव्हापासून मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतून तीन पिढ्यांचे लोकसंख्याशास्त्रज्ञ बाहेर पडले आहेत. निधीचा स्रोत बदलला तरी काम करू शकणारी माणसे आणि जुन्या फेऱ्यांची माहिती एका जागी राहिली, याला मोल आहे.

आमची संस्था लहान आहे. सुरुवात कोठून करावी?

हिशेबनिसापासून. हे उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, पण परदेशी निधी हाताळू शकणारा चांगला लेखापाल आणि नीट ठेवलेली पाच वर्षांची लेखापरीक्षित पत्रके यांशिवाय कोणी मुख्य अनुदान देत नाही. त्यानंतर स्वतःची एक नोंदवही सुरू करावी: आपल्या भागातील जन्म, मृत्यू आणि मृत्यूचे कारण. गडचिरोलीतील अभ्यास असोत किंवा पुणे जिल्ह्यातील वढू परिसराची अनेक वर्षे चालू असलेली लोकसंख्या-नोंद असो, पाया अशा कंटाळवाण्या, न थांबणाऱ्या नोंदींचाच आहे. पुढचा परदेशी भागीदार आपला प्रश्न घेऊन येईल तेव्हा ती वही टेबलावर उघडी असावी.